समुद्रकाठचे घर कोणाला परवडते? साउथ कॅरोलायनातील ओरी काउंटीचा हिशेब

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, अटलांटिक महासागराच्या काठावर, ओरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडचा जिल्हा. फरक इतकाच, की तिचे कामकाज लोकांनी निवडून दिलेले मंडळ चालवते आणि मालमत्ता कर आकारणे, बांधकामाला परवानगी देणे, जमिनीचा वापर ठरवणे असे बरेच अधिकार तिच्याच हाती असतात. मर्टल बीच हे पर्यटकांचे आवडते शहर याच काउंटीत आहे. १९७० साली येथे सुमारे ७० हजार लोक राहत होते. १९९० मध्ये ही संख्या १ लाख ४४ हजार, २०१० मध्ये २ लाख ६९ हजार आणि २०२० च्या जनगणनेत ३ लाख ५१ हजार झाली. म्हणजे शेवटच्या दहा वर्षांतच लोकसंख्या ३० टक्क्यांनी वाढली, आणि त्यानंतरही वाढीचा वेग ओसरलेला नाही.

घरांच्या महागाईची चर्चा निघाली, की बहुतेक वेळा कॅलिफोर्नियाचे उदाहरण दिले जाते. तेथील किनाऱ्यावर नवे बांधकाम करणे कायद्याने आणि स्थानिक विरोधाने इतके अवघड झाले आहे, की घरांचा तुटवडा पडणे अटळच होते. ओरीची गोष्ट उलट आहे. येथे जमीन भरपूर आहे, ती सपाट आहे, बिल्डरांचे स्वागत होते आणि दरवर्षी हजारो नवी घरे उभी राहतात. तरीही हॉटेलात खोल्या साफ करणारी बाई, उपाहारगृहातला वाढपी किंवा शाळेत नुकताच लागलेला शिक्षक यांना कामाच्या ठिकाणाजवळ घर मिळवताना नाकी नऊ येतात. घरे बांधूनही ती परवडत नाहीत, हे कसे, याचा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी ‘परवडणे’ या गोष्टीचे माप पाहू. अमेरिकेत सरकारी कामकाजात असे धरले जाते, की कुटुंबाने आपल्या एकूण उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम घरावर खर्च केली तर ते घर परवडणारे. खर्च त्याहून अधिक झाला तर ते कुटुंब घरखर्चाच्या भाराखाली आहे असे मानतात, आणि तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर तो भार तीव्र समजला जातो. या मापाचा उगम सरकारी घरांच्या भाड्यात आहे. १९६९ मध्ये संसदेने अशा घरांच्या भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के केली. त्यामागे कोणतेही खोल अर्थशास्त्र नाही. महिना वीस हजार डॉलर मिळवणाऱ्याने त्यातले आठ हजार घरावर घालवले तरी त्याच्या ताटातले काही कमी होत नाही. अडीच हजार मिळवणाऱ्याचे एक हजार गेले तर मात्र औषध आणि गाडीचा हप्ता यांतून एक निवडावे लागते. माप ओबडधोबड आहे, पण सर्वत्र तेच वापरले जात असल्यामुळे आपणही तेच वापरू.

ओरीतील रोजगाराचा मोठा भाग पर्यटनावर उभा आहे: हॉटेले, उपाहारगृहे, दुकाने, गोल्फची मैदाने. साउथ कॅरोलायनाने स्वतःचे किमान वेतन ठरवलेले नाही, त्यामुळे येथे केंद्र सरकारचा तासाला ७.२५ डॉलर हा दर लागू होतो, आणि तो २००९ पासून बदललेला नाही. ज्यांना ग्राहकांकडून बक्षिसी मिळते अशा वाढप्यांना मालकाने द्यायची किमान रक्कम तर तासाला फक्त २.१३ डॉलर आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना यापेक्षा जास्त मिळते, कारण इतक्या पैशांत आता कामाला कोणी येत नाही. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याला तासाला १५ डॉलर मिळतात आणि तो वर्षभर आठवड्याला ४० तास काम करतो. त्याचे वर्षाचे उत्पन्न ३१,२०० डॉलर होईल आणि ३० टक्क्यांच्या हिशेबाने त्याला महिना ७८० डॉलरपर्यंतचे घर परवडेल. आता समजा, दोन शयनगृहांच्या साध्या फ्लॅटचे भाडे महिना १,३०० डॉलर आहे. ते परवडण्यासाठी वर्षाला ५२,००० डॉलर, म्हणजे तासाला २५ डॉलर मिळायला हवेत. दोघे कमावते असतील तर गणित जमते. एकट्या आईचे ते जमत नाही. शिवाय हा हिशेब वर्षभराच्या कामाचा आहे. मर्टल बीचचा हंगाम उन्हाळ्यात भरात असतो आणि थंडीत कामाचे तास घटतात. घरमालकाला भाडे मात्र बाराही महिने सारखेच द्यावे लागते.

येथवरची गोष्ट कोणत्याही पर्यटनस्थळाची असू शकते. ओरीचे वेगळेपण कळण्यासाठी येथे येऊन राहणारे लोक कोण आहेत, हे पाहावे लागते. या काउंटीत जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होतात. लोकसंख्या वाढते ती केवळ बाहेरून येणाऱ्यांमुळे. त्यांतला मोठा गट निवृत्तांचा आहे. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, ओहायो अशा उत्तरेकडच्या राज्यांत ज्यांनी आयुष्यभर नोकरी केली, ते लोक तेथले घर विकून येथे येतात. उत्तरेत मालमत्ता कर जास्त, थंडी कडक. येथे हवा सौम्य, कर कमी, आणि ‘सोशल सिक्युरिटी’ या केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनावर राज्य प्राप्तिकर घेत नाही. न्यू जर्सीतले जुने घर विकून आलेल्या पैशांत येथे नवे कोरे घर घेऊन वर शिल्लक उरते. अशा खरेदीदाराला कर्ज लागत नाही आणि स्थानिक पगाराशी त्याचा संबंधही नसतो. त्याच्या दृष्टीने ओरीतले घर स्वस्त आहे, आणि ते खरेही आहे.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. घराची किंमत बाहेर कमावलेल्या पैशाने ठरते आणि पगार मात्र येथल्या धंद्याने ठरतो. या दोन गोष्टींना एकत्र बांधून ठेवणारा धागा तुटला, की कितीही घरे बांधली तरी ती मुख्यतः पहिल्या गटासाठीच बांधली जातात, कारण बिल्डरला त्यातच नफा दिसतो. मर्टल बीचच्या पश्चिमेला कॅरोलायना फॉरेस्ट नावाचा प्रचंड वस्तीचा भाग आहे. एके काळी ते कागद कंपनीच्या मालकीचे लाकूड-लागवडीचे रान होते. १९९० च्या दशकापासून तेथे वसाहतीमागून वसाहती उठल्या. कॉनवे, लोरिस, एनॉर या गावांभोवतालची तंबाखूची शेतेही त्याच वाटेने गेली. या वसाहतींतली बहुतेक घरे तीन-चार शयनगृहांची, स्वतंत्र, दोन गाड्यांच्या गॅरेजची आहेत. त्यात भर पडते ती सुट्टीपुरत्या वापराच्या घरांची. समुद्रालगतच्या उंच इमारतींतले असंख्य फ्लॅट मालकांनी पर्यटकांना आठवड्याच्या बोलीने देण्यासाठी घेतलेले असतात. घरांच्या एकूण संख्येत ते मोजले जातात, पण कायमस्वरूपी राहणाऱ्याच्या उपयोगाचे नसतात.

व्याजदरांनी या चित्राला आणखी एक वळण दिले. अमेरिकेत घरकर्ज बहुधा तीस वर्षांचे असते आणि त्याचा दर पहिल्या दिवशी ठरला, की शेवटपर्यंत बदलत नाही. आपल्याकडे बदलत्या दराच्या कर्जाची सवय असल्यामुळे ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जानेवारी २०२१ मध्ये हा दर सरासरी २.६५ टक्के इतका खाली गेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर पोहोचला. तीन लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता ३ टक्क्यांनी सुमारे १,२६५ डॉलर पडतो आणि ७ टक्क्यांनी सुमारे १,९९६ डॉलर. घर तेच, किंमत तीच, आणि हप्ता महिना ७३१ डॉलरने अधिक. ज्यांनी स्वस्त दराने कर्ज घेतले आहे ते घर विकायला तयार होत नाहीत, कारण नवे घर घ्यायचे तर नव्या दराने कर्ज घ्यावे लागेल. त्यामुळे जुनी, तुलनेने स्वस्त घरे बाजारात येणे थांबते. रोख पैसे घेऊन येणाऱ्या निवृत्ताला याची झळ बसत नाही. बसते ती कर्जावर पहिले घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्याला.

आता करांकडे वळू. या विषयावरच्या लेखांत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. परंतु भाडेकरूच्या खिशातून काय जाते हे समजून घ्यायचे असेल, तर येथे थोडे थांबावे लागेल.

अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो, तसे तेथे नाही. त्यामुळे मालमत्ता कराची रक्कम आपल्याला आश्चर्य वाटावे इतकी मोठी असते. साउथ कॅरोलायनात हा कर तीन पायऱ्यांनी काढतात. पहिल्या पायरीवर घराचा बाजारभाव ठरवतात. दुसऱ्या पायरीवर त्याचा एक ठरावीक हिस्सा करपात्र मूल्य म्हणून धरतात: मालक स्वतः त्या घरात कायमचा राहत असेल तर ४ टक्के, आणि घर भाड्याने दिलेले, सुट्टीपुरते किंवा रिकामे असेल तर ६ टक्के. भाड्याच्या फ्लॅटच्या इमारतीही सहा टक्क्यांतच येतात. तिसऱ्या पायरीवर करपात्र मूल्यावर कराचा दर लावतात. हा दर ‘मिल’मध्ये सांगितला जातो, एक मिल म्हणजे हजार डॉलर करपात्र मूल्यामागे एक डॉलर.

२००६ मध्ये राज्याने ‘अ‍ॅक्ट ३८८’ या क्रमांकाने ओळखला जाणारा कायदा केला. त्याने तीन गोष्टी केल्या. मालक स्वतः राहत असलेल्या घरांना शाळांच्या दैनंदिन खर्चासाठीचा कर पूर्ण माफ झाला. त्याची भरपाई म्हणून राज्याचा विक्रीकर ५ वरून ६ टक्के करण्यात आला. आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या फेरमूल्यांकनात घराचे करासाठीचे मूल्य १५ टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही, अशी मर्यादा घालण्यात आली. मात्र घर विकले गेले, की ही मर्यादा संपते आणि नव्या मालकासाठी मूल्य पुन्हा बाजारभावावरून ठरते.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. अडीच लाख डॉलर बाजारभावाची दोन सारखी घरे शेजारीशेजारी आहेत. एकूण दर २०० मिल आहे आणि त्यातले १२० मिल शाळांच्या दैनंदिन खर्चासाठी आहेत, असे धरू. पहिल्या घरात मालक राहतो. त्याचे करपात्र मूल्य १०,००० डॉलर, आणि शाळेचा भाग माफ असल्यामुळे त्याला उरलेल्या ८० मिलच्या दराने वर्षाला ८०० डॉलर कर पडेल. दुसऱ्या घरात भाडेकरू राहतो. त्याचे करपात्र मूल्य १५,००० डॉलर, दर पूर्ण २०० मिल, म्हणजे कर ३,००० डॉलर. एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांत जवळजवळ चौपटीचा फरक! कराचे बिल दुसऱ्या घराच्या मालकाच्या नावाने निघते हे खरे, पण तो ते कालांतराने भाड्यात धरतो. निदान जेथे घरांना मागणी जास्त आहे तेथे त्याला तसे करता येते. शिवाय भाडेकरू दुकानात गेला, की वाढीव विक्रीकर भरतोच. ज्या माफीची ही भरपाई आहे, ती मात्र त्याच्या वाट्याला येत नाही.

कायदा करणाऱ्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. किनाऱ्यावरच्या जमिनींचे भाव चढू लागल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या कुटुंबांना, विशेषतः तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धांना, केवळ करापायी घर सोडावे लागेल अशी भीती होती, आणि १५ टक्क्यांच्या मर्यादेने त्यांना खरोखर आधार दिला. पासष्टी ओलांडलेल्यांना घराच्या पहिल्या ५०,००० डॉलर मूल्यावर करमाफी आहे, तीही याच भावनेतून. परंतु हे संरक्षण गरज पाहून दिलेले नाही; मालकी आणि मुक्काम पाहून दिलेले आहे. न्यू जर्सीहून आलेला श्रीमंत निवृत्त स्वतःच्या घरात राहतो म्हणून ४ टक्क्यांत बसतो, आणि वाढप्याचे भाड्याचे घर ६ टक्क्यांत. मला या कायद्यातली हीच गोष्ट सर्वांत खटकते.

करानंतर विमा, कारण किनाऱ्यावर तो टाळता येत नाही. सर्वसाधारण घरविम्यात पुराचे नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी वेगळा पूरविमा घ्यावा लागतो, आणि तो मुख्यतः केंद्र सरकारच्या १९६८ पासून चालू असलेल्या योजनेतून मिळतो. चक्रीवादळाच्या वाऱ्याचा विमा तर समुद्राजवळच्या पट्ट्यात अनेक कंपन्या देतच नाहीत, म्हणून राज्याने त्यासाठी विमा कंपन्यांचा एक सामाईक गट उभा केला आहे. ओरीतला पूर नेहमी समुद्राकडूनच येतो असेही नाही. वॅकमॉ नदी नॉर्थ कॅरोलायनात उगम पावते आणि किनाऱ्याला समांतर, अतिशय संथ वाहत कॉनवेजवळून पुढे जाते. सप्टेंबर २०१८ मधील ‘फ्लोरेन्स’ वादळ किनाऱ्यावर धडकले तेव्हा मर्टल बीच बरेचसे वाचले. पण वरच्या भागात पडलेले पाणी या नदीने सावकाश खाली आणले आणि वादळ विसरले जाऊ लागले असताना, दीड आठवड्याहून अधिक काळाने, कॉनवे आणि सॉकस्टी भागातल्या वस्त्या विक्रमी पातळीच्या पुरात बुडाल्या. त्यांतल्या काहींनी दोनच वर्षांपूर्वी ‘मॅथ्यू’ वादळाचा पूर पाहिला होता.

पूरनकाशावर ‘शंभर वर्षांतून एकदा’ असा शेरा असलेल्या जागेबद्दल फार गैरसमज आहे. त्याचा अर्थ कोणत्याही एका वर्षात पूर येण्याची शक्यता १ टक्का, इतकाच असतो. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची नव्व्याण्णव वर्षे निश्चिंत, असे नाही. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते, म्हणजे चारांत एकाहून थोडी जास्त. ऑक्टोबर २०२१ पासून केंद्रीय योजनेने प्रत्येक घराची जागा, उंची आणि पाण्यापासूनचे अंतर पाहून हप्ता ठरवायला सुरुवात केली. राहत्या घराच्या हप्त्यात वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही. पण दरवर्षी १८ टक्के वाढत गेले तर चार-साडेचार वर्षांत हप्ता दुप्पट होतो. नवी पद्धत न्याय्य आहे, कारण धोका असेल तेथे तो किमतीत दिसलाच पाहिजे. अडचण अशी, की सखल जागेतली जुनी लहान घरे हीच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या आवाक्यातली घरे होती. अर्थशास्त्रज्ञ सांगतात, की घर जुने होत जाते तसे ते स्वस्त होऊन खालच्या उत्पन्नगटाकडे सरकते. किनाऱ्यावर ही साखळी मध्येच तुटते: एक जुने घर पुराने निकामी होते, दुसरे विम्याने महाग होते आणि समुद्राला जवळचे असेल ते पर्यटकांसाठी नूतनीकरण होऊन बाजारात परत येते.

स्वस्त घराचा आणखी एक प्रकार येथे मोठ्या प्रमाणात दिसतो, तो कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेल्या घरांचा. यात कुटुंबाच्या मालकीचे फक्त घर असते आणि खालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याची. जागेचे भाडे वाढले किंवा मालकाने जमीन बिल्डरला विकली, तर ‘मोबाइल होम’ म्हणवणारे हे घर हलवण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या मानाने इतका मोठा असतो, की अनेकांना ते तेथेच सोडून द्यावे लागते.

जमिनीच्या मालकीचा एक जुना गुंता मराठी वाचकांना लगेच कळेल. गुलामगिरी संपल्यानंतर या किनाऱ्यावर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमिनी घेतल्या, पण मृत्युपत्र करण्याची सोय किंवा कोर्टावर विश्वास नसल्यामुळे त्या पुढच्या पिढ्यांकडे कागदपत्रांविना गेल्या. सातबाऱ्यावर पणजोबांचेच नाव, आणि खाली हिस्सा सांगणारे वीस-पंचवीस वारस मुंबईपासून दुबईपर्यंत पांगलेले, असा जो प्रकार कोकणात दिसतो, तोच तेथे ‘वारसांची मालमत्ता’ म्हणून ओळखला जातो. अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही, आणि आपत्तीनंतरची सरकारी मदत मिळवतानाही मालकीचा पुरावा आडवा येतो. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या बिल्डरने एकाच दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन कोर्टात वाटणीची मागणी केली, तर वाटणी शक्य नाही म्हणून अख्खी जमीन लिलावात निघत असे. २०१७ पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्याने यावर बंधन आणले. आता कोर्टाला आधी योग्य मूल्यांकन करावे लागते, इतर वारसांना तो हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी द्यावी लागते आणि विक्री अटळच असेल तर ती खुल्या बाजारातल्या भावाने करावी लागते. तोवर किनाऱ्यालगतच्या कितीतरी जमिनी हातच्या गेल्या होत्या.

मग उपाय काय आहेत? केंद्र सरकारच्या दोन योजना मुख्य आहेत. एक म्हणजे व्हाउचर: भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम भरतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचे उरलेले भाडे सरकार भरते. कल्पना सोपी आणि चांगली आहे. पण देशभरात पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच अशी मदत मिळते, आणि साउथ कॅरोलायनात घरमालकाला व्हाउचर नाकारण्याची मोकळीक आहे. दुसरी योजना १९८६ पासूनची करसवलतीची. परवडणाऱ्या भाड्याच्या इमारतीत पैसे गुंतवणाऱ्याला दहा वर्षे प्राप्तिकरात सूट मिळते आणि त्या बदल्यात इमारतीतली ठरलेली घरे निदान तीस वर्षे कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी राखावी लागतात. प्रत्येक राज्याला या सवलतीचा कोटा असतो, आणि त्यासाठी बिल्डरांत चुरस असते. येथे एक बारीक अडचण आहे. पात्रतेची मर्यादा त्या भागातल्या मध्यक उत्पन्नावरून ठरते, म्हणजे ज्या उत्पन्नाच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे असतात त्यावरून. या उत्पन्नाच्या ६० टक्के मिळवणाऱ्यासाठी बांधलेल्या घराचे भाडे याच उत्पन्नाच्या ३० टक्केच मिळवणाऱ्याला परवडत नाही, कारण अशा घरांचे भाडे भाडेकरूच्या प्रत्यक्ष पगारावरून न ठरता वरच्या मर्यादेवरून ठरते.

भाडेनियंत्रण आणण्याचा मार्ग राज्याच्या कायद्याने स्थानिक संस्थांना बंद केलेला आहे. मुंबईतल्या पागडीच्या इमारतींची अवस्था पाहिलेल्या माणसाला त्याचे फार दुःख होणार नाही. २०२३ मध्ये राज्याने एक वेगळी वाट उघडली: पर्यटकांकडून हॉटेलच्या मुक्कामावर गोळा होणाऱ्या स्थानिक कराच्या १५ टक्क्यांपर्यंतची रक्कम काम करणाऱ्यांच्या घरांसाठी वापरण्याची मुभा दिली. तोवर हा पैसा पर्यटनाशी निगडित कामांवरच खर्च करता येत असे. ज्या धंद्याला स्वस्त मनुष्यबळ लागते त्याच धंद्यातून त्या मनुष्यबळाच्या निवाऱ्यासाठी पैसा काढावा, हे तर्काला धरून आहे. रक्कम प्रश्नाच्या मानाने लहान आहे, पण दिशा योग्य वाटते.

माझ्या समजुतीने सर्वांत परिणामकारक उपाय दोन, आणि दोन्ही राजकीयदृष्ट्या अवघड. पहिला, कायमच्या भाड्याने दिलेली घरे ६ टक्क्यांच्या गटातून काढून ४ टक्क्यांच्या जवळ आणणे आणि सुट्टीपुरत्या घरांना तेथेच ठेवणे. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाला कायद्याला हात घालावा लागेल, आणि शाळांच्या उत्पन्नात पडणारी तूट कोठून भरायची याचे उत्तर द्यावे लागेल. दुसरा, रोजगाराच्या जवळ लहान फ्लॅट आणि जोडघरे बांधायला सरसकट परवानगी देणे. स्वतंत्र घरांची वसाहत दूरच्या शेतात उभी राहते आणि कामगाराला रोज ५०१ क्रमांकाच्या महामार्गावरच्या कोंडीतून गाडी हाकत यावे लागते, तेव्हा घरभाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल आणि गाडीच्या दुरुस्तीत जातात. मॅरियन आणि विल्यम्सबर्ग या जवळपासच्या गरीब काउंट्यांतून मर्टल बीचच्या हॉटेलांत कामाला येणारे लोक वर्षानुवर्षे लांबचा बसप्रवास करत आले आहेत.

या दुसऱ्या उपायावरचा निर्णय काउंटीच्या सुनावणीत होतो. जमिनीचा वापर बदलून फ्लॅटच्या इमारतीला परवानगी द्यायची असेल, तर आधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तेथे आजूबाजूच्या वसाहतींतले घरमालक येतात. रस्त्यावर आधीच गर्दी आहे, शाळा भरल्या आहेत, मोकळी जमीन गेल्यावर पावसाचे पाणी आमच्या अंगणात येईल, असे त्यांचे आक्षेप असतात आणि त्यांतले बरेचसे खरे असतात. २०१८ मध्ये नव्या बांधकामावर रस्ते व इतर सोयींसाठी शुल्क लावावे की नाही, यावर ओरीत लोकांचा कौल घेण्यापुरते, बंधनकारक नसलेले मतदान झाले तेव्हा लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला होता. वाढीचा खर्च नव्याने येणाऱ्यांनी उचलावा, ही भावना समजण्याजोगी आहे, जरी ती बोलून दाखवणारे पुष्कळ जण स्वतः दहा-पंधरा वर्षांपूर्वीच आलेले असले तरी. त्या इमारतीत जो राहायला येणार असतो, तो सुनावणीला नसतो. तो त्या वेळी हॉटेलात पाळीवर असतो, किंवा मॅरियनला राहत असल्यामुळे ओरीच्या मंडळावर कोण निवडून यावे, हे ठरवण्यासाठी त्याला मतदानाचा हक्कच नसतो.